न दिलेले दोन मार्क

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय गिरधर आबा, व्यासपीठावरचे हेडमास्तरसाहेब, गावातली वडीलधारी मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते जीवराम मास्तर, विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आणि सतरंजी पुरली नाही म्हणून मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बायांनो, सगळ्यांना झुंबरबाईचा नमस्कार.

माझं शिक्षण मराठी दुसरी. तिसरीत बसायच्या आधी मला बोहल्यावर बसवलं. तेव्हा माझ्याकडून भाषणाची अपेक्षा करू नका. आबा म्हणाले, "अक्का, एका पालकानं बोललं पाहिजे." मी म्हटलं, पालक आपल्या चोपडा गावात पुष्कळ आहेत. तर म्हणाले, "मास्तरांशी तुमच्याएवढं भांडलेलं दुसरं कुणी नाही." हे मात्र खरं, म्हणून उठले.

माझ्या आधी तिघं बोलले. तिघांनीही मास्तरांना ज्ञानाचा सागर म्हटलं. या मंडपात सागर पाहिलाय कुणी? मास्तर सागरबिगर काही नाहीत. चिकट गृहस्थ आहेत. मार्क देताना त्यांचा हात असा आखडतो, की तेलाचं माप भरणारा दुकानदार बरा. हे मी तोंडावर सांगते, कारण मास्तर बदलून चाललेत त्या धुळ्याच्या शाळेला ते आज ना उद्या कळणारच आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट, सत्तावन्न सालची. माझी नात कुंदा तेव्हा नववीत होती. तिला सोनगीरचं स्थळ आलेलं. मुलाचे वडील लोटन भाऊ, शेतीवाडी चांगली, माणसं बरी. मी घरात सांगून ठेवलं होतं : पोरगी पास झाली तर पुढे शिकेल, नापास झाली तर आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर, सुपारी फोडायची. माझा मुलगा माझ्यापुढे बोलत नाहीच. कुंदानं पुस्तकाला पुठ्ठा घातला आणि अभ्यासाला बसली.

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, बीजगणितात तेहतीस. पस्तीस लागतात. कुंदा चुलीपुढे बसून भाकरी थापत राहिली, वर पाहिलं नाही. आणि लोटन भाऊंचा निरोप आला, सोमवारी येतो.

मी तशीच शाळेत आले. मास्तरांना पेपर काढायला लावला.

"मास्तर, पोरीनं लिहिलं ते बरोबर शे का चूक शे?"

"बरोबर आहे अक्का. पण अर्धंच आहे."

"अर्धं बरोबर म्हणजे काय?"

"एकाच बाजूनं भाजलेली भाकरी तुम्ही ताटात वाढता का?"

मास्तर फळ्याकडे गेले. दोन उभ्या काठ्या ओढल्या, त्यांच्यामध्ये क्ष उणे सात लिहिलं, पुढे बरोबर तीन. म्हणाले, "याला केवल मूल्य म्हणतात." मी म्हटलं, काहीही म्हणा, मला कळेल असं सांगा. तेव्हा त्यांनी आमची गल्ली काढली, एका रेषेत.

"तुमचं घर सातवं धरू. तुमच्यापासून तीन घरं लांब कोण राहतं?"

"कोणत्या अंगाला? देवळाच्या अंगाला दहावं घर भागाबाईचं. नदीच्या अंगाला चौथं यशोदाबाईचं."

"बस. कुंदानं दहा लिहिलं, चार सोडलं. नुसतं अंतर विचारलं की बाजू सांगितलेली नसते, दोन्हीकडे जाऊन पाहायचं."

मला छगन न्हावी आठवला. नातवाच्या जावळाला मी त्याला दोन्हीकडच्या तीन-तीन घरी चुलीचं आवतण द्यायला सांगितलं होतं. चुलीचं म्हणजे त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही, अख्खं घर आमच्या पंगतीला. छगन देवळाकडची घरं करून आपल्या घरी गेला, कारण त्याचं घर तिकडेच. आणि यशोदाबाईनं आवतण येणारच म्हणून चूल पेटवली नाही. तिच्या घरची माणसं दुपारपर्यंत उपाशी. वर्षभर ती बाई माझ्याकडे पाहत नव्हती.

"म्हणजे पोरीनं छगनचं काम केलं," मी म्हटलं.

"तेच केलं."

पुढच्या प्रश्नात अंतर तीनपेक्षा जास्त होतं. कुंदानं लिहिलेलं, चारच्या खाली आणि दहाच्या वर. त्या 'आणि'खाली मास्तरांची लाल रेघ. म्हणाले, "तीन घरांपेक्षा जवळचे म्हटले तर सगळे सलग, पाचव्यापासून नवव्यापर्यंत. लांबचे म्हटले तर गल्लीचे दोन तुकडे पडतात. माणूस या तुकड्यात राहील किंवा त्या. दोन्हींत कसा राहील?"

मी म्हटलं, "राहतो की एक. दोन संसार आहेत त्याचे."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "एकाच वेळी?"

"नाही, एका वेळी एकीचंच ऐकून घेतो."

हसू नका, तो इथंच बसलाय.

तिसऱ्यात काठ्यांमध्ये क्ष उणे सहा होतं आणि समोर दोन क्ष. कुंदानं दोन उत्तरं काढलेली, पहिलं 'दोन', दुसरं 'उणे सहा'. मला वाटलं, इथे तरी दोन्ही अंगांना गेली. मास्तर म्हणाले, "उणे सहा परत प्रश्नात घाला. अंतर उणे बारा येतं. कुणाचं घर उणे बारा घरं लांब असतं का? उत्तर सापडलं म्हणजे झालं नाही. प्रश्नात घालून बघायचं, बसलं तर ठेवायचं, नाही तर काढून टाकायचं. इथे 'दोन' एवढं एकच बसतं."

मी म्हटलं, "कळलं. आता दोन मार्क द्या."

"नाही."

"पोरगी हुशार आहे, तुम्हीच म्हणता."

"म्हणूनच. आज दिले तर याच चुका घेऊन ती मॅट्रिकला बसेल."

"मॅट्रिकला कुठली बसते? लग्न होऊन जाईल तिचं."

"ते तुमच्या हातात आहे, अक्का. मार्क माझ्या हातात आहेत."

असं बोलतात का पालकाशी? हेडमास्तरसाहेब, तुम्ही तेव्हा शेजारच्या खोलीत होता. बाहेर आला नाहीत, बरं केलंत.

घरी पोचेपर्यंत माझा राग गेला नव्हता. पण मास्तरांचं बोलणंही डोक्यातून जाईना. माझीही दोन उत्तरं ठरलेली होती. पास तर शाळा, नापास तर सासर. पहिलं घालून पाहिलं, बसलं. दुसरं घालून पाहिलं. जी पोर एकाच अंगाला बघून मोकळी होते, हाती आलेलं तपासत नाही, ती लोटन भाऊंच्या एवढ्या मोठ्या खटल्याच्या घरात कशी निभावणार? मास्तर दोन मार्क कापून थांबले, सासू थांबेल का? हे उत्तर बसत नव्हतं. काढून टाकलं.

सोमवारी लोटन भाऊ आले. मी सांगितलं, पोर नापास झाली, परत नववीत बसणार. ते हसले. "अक्का, आमले कोठे मास्तरीन पाहिजे?" मी म्हटलं, "तुम्हाला नको असेल. मला धड शिकलेली पोर पाहिजे. मॅट्रिक झाली की या." "पोऱ्या थांबाव नही." "नको थांबू दे."

नाही थांबला. त्याच उन्हाळ्यात शिंदखेड्याची मुलगी केली. नांदोत सुखानं. गल्लीत बोललं गेलं की म्हातारीनं शब्द फिरवला. मी फिरवला नाही, तपासला.

कुंदा यंदा पास झाली. बीजगणितात शंभरात बासष्ट मार्क. मी परत शाळेत आले, उरलेले अडतीस कुठे गेले ते विचारायला. मास्तरांनी एकेक दाखवला. भांडायला जागा ठेवली नाही.

आता अध्यक्षमहाराजांना एक विनंती. कुंदाचं मॅट्रिक अजून दोन वर्षांवर आहे, आणि तिच्यामागे आणखी पोरी आहेत. मास्तरांच्या जागी गोड बोलणारा माणूस आणू नका. एखादी आजी समोर उभी राहून भांडली तरी मार्क न देणारा आणा. असा माणूस चोपड्यात मिळत नसेल तर बाहेर शोधा, पण जूनच्या आधी शोधा.

बोलताना कुणाचा मान राहिला नसेल, कुणाला लागलं असेल, तर माझ्या वयाकडे बघून पोटात घाला. एवढा वेळ ऐकून घेतलंत, सभेची आभारी आहे. आणि मास्तर, मी हात पसरून दोन मार्क मागितले तेव्हा तुम्ही दिले नाहीत, त्याबद्दल तुमचे वेगळे आभार. बसते.