तोंडापासून चारशे पावलं

(कुंभकोणम, सन १८८५. मार्गशीर्षातली दुपार, वद्य पंचमी. दारात लग्नाचा मांडव. मोजणीखात्यात नकाशे काढणारा सुंदरराव समुद्रकाठाहून थेट थोरल्या बहिणीच्या, पंकजाच्या, घरी आला आहे.)

पंकजा : अय्यो, केवढी ही वाळू! धोतर झटकून आत यायचं कळत नाही का रे तुला?

सुंदरराव : झटकलं अक्का. बाहेर तिण्ण्याच्या ओट्यावर दोनदा झटकलं.

पंकजा : मग ही काळी, ओली कुठली? कावेरीची तर नव्हे.

सुंदरराव : असू दे. सरोजा कुठंय?

पंकजा : विहीणबाई आल्यात तिरुविडैमरुदूरहून, बांगड्या भरायला घेऊन गेल्यात. दशमीला लग्न, आणि कन्यादान करणारा मामा आत्ता उगवतोय!

सुंदरराव : अक्का, बस जरा. सांगायचंय काही.

पंकजा : वाईट असेल तर लग्नानंतर सांग. लहानपणी गाडगं फोडलंस की अस्साच उभा राहायचास.

सुंदरराव : थांबण्यासारखं नाही गं.

पंकजा : माझंही नाही. अमावास्येला यांना जाऊन बारा वर्षं भरतात. भटजींनी बजावलंय, तोवर पत्ता लागला नाही तर दर्भाचा पुतळा करून दहन, आणि मी कुंकू पुसायचं. म्हणून तर मुहूर्त अलीकडे ओढला. लेकीच्या लग्नात मला सवाष्ण म्हणून उभं राहायचंय, सुंदरा. पळून गेलेल्या माणसाची का होईना, सवाष्ण.

सुंदरराव : भावजी पळून गेले नव्हते.

पंकजा : काय म्हणालास?

सुंदरराव : पेनांगला नाही, कुठंच नाही. मिठाच्या राखणीचं ते बेट आहे ना, कोळ्ळिडम नदीच्या तोंडाशी, तिथंच आहेत.

पंकजा : शुद्धीवर आहेस ना? राजवाड्यातली चाकरी गेली म्हणून तिकडे गेले, ते वादळानंतर कुणाला दिसले नाहीत. होडीही नव्हती जागेवर. नागपट्टणच्या धक्क्यावर जहाजात चढताना पाहिलं म्हणे कुणी. बारा वर्षं ऐकतेय मी हे, पाणी भरताना, देवळात, सगळीकडे!

सुंदरराव : ऐकून घे. नदी समुद्राला मिळते ते तोंड एका जागी राहत नाही. दक्षिणेचा वारा आठ महिने वाळू उत्तरेला लोटतो, तोंडही उत्तरेला सरकतं. बेटाचं आणखी वेगळं. समुद्र पुढची वाळू उचलतो नि माथ्यावरून मागे, खाडीकडे टाकतो. बेट असं लोळत लोळत जमिनीकडे येतं. खाडीच्या बाजूला जे गाडलं गेलं, ते काही वर्षांनी समुद्राच्या बाजूला उघडं पडतं.

पंकजा : हे धडे मला कशाला?

सुंदरराव : खाडीच्या काठची विहीर आता समुद्रात उभी आहे. भोवतीची वाळू गेली, विटांचं कडं तेवढं वर आलंय, दीपमाळेसारखं. नावाडी तिकडे बघत नाहीत. म्हणतात, आत कुणी पोहरा आपटतं.

पंकजा : लाटा असतील.

सुंदरराव : ओहोटी होती अक्का. मीही ऐकला तो आवाज.

पंकजा : विहिरीला लागूनच यांची कोठी होती.

सुंदरराव : तीही वर आलीय. दाराला आतून अडसर होता. बाहेरून वाळू दाबून बसलेली, दार उघडणार कसं? भावजींची भिकबाळी ओळखली मी. ही बघ.

पंकजा : नको! हातात देऊ नकोस. घेतली की मी संपले.

सुंदरराव : अक्का...

पंकजा : पण तू गेला होतास ना तेव्हा खणायला? नुसती वाळू लागली, कोठी वाहून गेली, असं सांगितलंस!

सुंदरराव : मीठखात्याच्या कागदावर होतं, कोठी नदीच्या तोंडापासून उत्तरेला चारशे पावलं. तेवढी मोजली मी. पण वादळात तोंडच तीनशे पावलं उत्तरेला सरकलं होतं. ते माझ्या ध्यानातच आलं नाही. कोठी शंभर पावलांवर होती. तिच्यावरून चालत पुढे गेलो असेन मी.

पंकजा : दर वर्षी याच दिवसांत सकाळी उंबऱ्यावर ओली वाळू असते. पावलं आत येणारी. बाहेर जाणारं एकही नाही. तुला सांगितलं तेव्हा हसला होतास.

सुंदरराव : आता नाही हसत.

पंकजा : आणखी काय पाहिलंस? खरं सांग.

सुंदरराव : दाराला आतून रेघा होत्या. कोयत्याच्या टोकानं ओढलेल्या. दिवसाला एक असावी.

पंकजा : किती?

सुंदरराव : मोजल्या नाहीत.

पंकजा : तू? ताटातली शितं मोजणारा तू?

सुंदरराव : नऊ.

पंकजा : आणि तू खणायला गेलास तो कितवा दिवस?

सुंदरराव : सहावा.

पंकजा : देवा रे! म्हणजे तुझी पावलं त्यांनी ऐकली असतील.

सुंदरराव : अक्का, मार मला, हाकलून दे. पण कन्यादान माझ्या हातून नको. दुसरा कुणी बघ.

पंकजा : दुसरा कोण आहे मला? हाकलून द्यावंसं वाटतंय, खरंच वाटतंय. तुझं तोंड बघवत नाही. त्या दिवशी इथं येऊन जेवलास, मी वाढलं तुला! ... ती कोठी राहील किती दिवस?

सुंदरराव : अमावास्येच्या उधाणापर्यंत. मग समुद्र नेईल. दार ओढून बंद करून आलोय. अजून कुणाला सांगितलं नाही.

पंकजा : आज पंचमी. दशमीला लग्न लागू दे. एकादशीला पहाटे गाडी जुंपायची. मी येणार, यांना घेऊन येणार, दर्भाचा पुतळा लागणार नाही आता. तोवर तू मला काही सांगितलं नाहीस, मी काही ऐकलं नाही.

सुंदरराव : पाच दिवस जमेल तुला?

पंकजा : बारा वर्षं जमलं ते काय सोपं होतं? माझी पोर लग्नात रडायची ती सासरी जाताना रडेल, बापासाठी नाही. कन्यादानही तूच करायचंस. नको म्हणालास तरी करायचंस.

सुंदरराव : करतो.

पंकजा : आल्या बघ त्या, ऐकू येतंय. डोळे पूस. आणि तो कुंकवाचा करंडा दे इकडे.

सुंदरराव : अक्का, अगं, ठाऊक असताना...

पंकजा : दे म्हणते ना! घामानं सगळं पसरलंय कपाळावर. आरसा आत राहिला. तूच बघून सांग, मधोमध लागलं का?

सुंदरराव : जरा उजवीकडे घे. हं. आता लागलं.