शनिवारचा खाऊ

स्वीडनमधल्या उमेओच्या इस्पितळात गुनवर रक्त द्यायला बसली होती. शेजारच्या बाकावर बाप-लेक होते. बाकी सगळं रिकामं.

"टूवा, लघवीतला तो आकडा पुन्हा वाढलाय. गाठ होती तेव्हा वाढला होता ना, तसा. खरं सांग, तपासणीआधी केळं खाल्लंस?"

"नाही बाबा."

"चॉकलेट? मी रागावणार नाही."

"नर्स म्हणाली होती ना, त्यानं आकडा उगाच वाढतो."

"अगं, पण आदला दिवस शनिवार होता. आठवड्यातून एकदाच मिळणारा शनिवारचा खाऊ कोण सोडतं? आजीनं दिला असेल."

"दिला की! सगळी पोरं खात होती, तेव्हा मी जिन्यात जाऊन बसले. हा बघ, दप्तरातच आहे."

"एखादा तुकडा तरी?"

"चाटलासुद्धा नाही, शप्पथ! आता शाबास म्हण की, बाबा."

गुनवरचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

"बाबा, म्हण ना."