आबांचं ‘बेस शे’

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच, तेवढं सांभाळून घ्या. शाळा अर्ध्यावरच सुटली.

आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, गुडघा धुळ्याला बदलला. शिंदखेड्याला घरी आल्यावर दवाखान्यातल्या सिस्टर रोज सकाळी फोन करायच्या. "ताप? सूज? पोटरी दुखते?" फोनवर कुणी विचारलं की चांगलंच सांगायचं, ही आबांची रीत.

"बठ्ठं बेस शे, अक्का. तुम्हना चहा व्हयना का?"

एके दिवशी पोटरी इतकी सुजली की पायजमा वर सरकेना, तरी आबांचं "बेस शे" चालूच. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. पण त्या दिवशी मी फोन ओढूनच घेतला.

"मॅडम, बेस नाही. पोटरी सुजलीय. आबा रात्रभर कण्हत होते."

"उगा राह्य रे," आबा म्हणाले. "ती बिचारी काळजी करी."

फोन स्पीकरवर होता. "आबा, काळजी करायलाच फोन करते मी," सिस्टर म्हणाल्या. "पाय चोळू नका. गाडी करा आणि लगेच या."

तपासणीत पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "ही फुफ्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. वेळेवर बोललात." लगेच औषध सुरू झालं. मी वॉर्डात उगाचच ताठ मानेने दोन चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसगावहून आत्याचा फोन आला. आबांनी तो माझ्या हातात दिला. "तूच बोल. मन्हा तोंडमा तेच येस."

मी घसा खाकरला आणि आत्याला पहिल्यापासून सगळं खरं सांगितलं.