मार्थाबाईंचा गाल

आमी नळदुर्गचेच. आजा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर व्हता, तिथल्या पाळकाच्या नादानं ख्रिस्ती झाला, आन बाप झाला फोटोवाला. बाप निगेटिव्ह काचेवर लावून बारीक टोकाच्या पेन्सिलीनं लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण भरायचा, म्हंजी माणसाचं तोंड दुरुस्त करायचा धंदा आमच्यात दोन पिढ्यांचा हाय बगा. बाप नुस्ते वण भरायचा, म्या कॉम्प्युटर घेतल्यावर रंग, नाक, टक्कल, सगळंच हातात घेतलं. वाशीच्या एका नवरदेवाला म्या फोटोत इतका गोरा केला की पोरीकडचे लोक त्याला सोडून त्याच्या गोऱ्या धाकट्या भावाच्याच गळ्यात हार घालायला लागले. हसा, हसा. म्याबी लई वर्षं ही गोष्ट सांगून लोकांना हसवलंय. पुढची मातर हसत सांगता येत न्हाय.

आमच्या चर्चमधी मार्थाबाई व्हत्या, याकोबमामांची बायको. मामा गवंडी, आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. मार्थाबाईंच्या डाव्या गालावर जन्मापून डाग व्हता, जांभळासारखा, चांगला मोठा. फोटो म्हणलं की बाई पदर पुढं वढायच्या, न्हायतर चहा ठिवते म्हणून आत पळायच्या. अख्ख्या जन्मात त्यांचा समोरून काढलेला फोटो एकच, आन तो म्या काढलेला. आधार कार्डावर व्हता एक, पण त्याच्यात काय, तिथं आपण सगळेच एका मायची लेकरं दिसतो. कापणीच्या सणाला चर्चच्या अंगणात बाया कणसांच्या जुड्या बांधत बसल्या व्हत्या, मामा जाता जाता कायतरी बोलले, बाईंनी वर बगितलं आन मोठ्यानं हसल्या, पदर खांद्यावर तसाच. म्या बटण दाबलं.

औंदा उन्हाळ्यात बाई गेल्या. मामा दुकानात आले, म्हणले शामुवेल, तो हसतानाचा फोटो मोठा करून द्या, प्रार्थनासभेला ठिवायचाय. बस, एवढंच. डाग काढा म्हणले न्हाईत. काढू नका असंबी म्हणले न्हाईत, ते सांगावं लागंल असं त्यांच्या ध्यानात तरी कसं यावं. म्या आपला मनात म्हणलं, बाईंनी जन्मभर तोंड लपवलं, चला, आपल्या हातून एवढं पुण्य हुं दे. दिवसभर बसलो. डाग काढला, रंग उजळला, सुरकुत्या ताणल्या, मागं निळं आभाळ टाकलं आन वरच्या कोपऱ्यात एक पांढरं कबूतर. आमच्या करुणानं, म्हंजी माझ्या बायकोनं, डोकावून बगितलं, म्हणली अवं, ह्या मार्थाकाकूच का. म्या म्हणलं तुला कलेतलं काय कळतंय. आन त्याच नावानं सेव्ह केला, जुन्यावर नवा. कॅमेऱ्यातलं कार्ड तर कवाच पुसून लग्नाच्या फोटोंना वापरलं व्हतं.

सभेत पाळकसाहेब बोलले तेबी माझ्याच नशिबानं. म्हणले, देवानं माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, म्हणून एकेक माणूस एकदाच हुतो, त्याच्या जागी दुसरा चालत न्हाय, आन सौंदर्य म्हंजी कातडीची नितळाई न्हवं, देवानं ज्याला नावानं हाक मारली तो अख्खा माणूस आपल्यापुढं येणं, ते सौंदर्य. लई पटलं मला. सगळ्यात मोठ्यानं आमेन म्याच म्हणलं. मग फोटोवरचं कापड काढलं.

मागच्या बाकावरची म्हातारी शेजारणीला म्हणली, ही पाहुणी कुठली गं. मामा उठले, फ्रेमपाशी गेले, लई वेळ बगत ऱ्हायले, आन माझ्याकडं वळून हळूच म्हणले, शामुवेल, ही कोण हाय?

आता माझा निर्लज्जपणा बगा. चुकलो म्हणावं का न्हाय? म्या तिथंबी शास्त्र काढलं. म्हणलं मामा, वर गेल्यावर निर्मळ देह मिळतो, तिथं डाग ऱ्हात न्हाय, म्या तशाच दाखवल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. मामा म्हणले, प्रभू मेलेल्यातून उठला तवा त्याच्या हातावरचे खिळ्यांचे वण गेले व्हते का? त्यानं तर ते ठिवले. शिष्यांना दाखवले, हा म्याच हाय म्हणून. मग माझ्या मार्थीला म्या वर गेल्यावर कशावरून वळखायचं?

काय सांगू तुम्हाला, मामा म्हंजी चौथी शिकलेला माणूस.

त्यांनीच मग मला सांभाळून घेतलं. म्हणले ऱ्हाऊ द्या, चूक हुते माणसाकडून, पयला हाय तो द्या. तवा म्या थाप मारली. म्हणलं कॉम्प्युटर सोलापूरला दुरुस्तीला गेलाय. आठ दिवस हेच. मामा रोज यायचे, बाहेर बाकड्यावर बसायचे, आन म्या आत पडदा लावून त्याच कॉम्प्युटरवर काम करायचो, माऊसचा आवाज हुईल म्हणून बोट अलगद दाबायचो. पन्नाशीचा माणूस म्या. नवव्या दिवशी करुणा म्हणली, त्यांना रोज चहा म्या देते, निदान खरं तरी तुमी द्या.

सांगितलं. पयला फोटो न्हाय, म्याच पुसला, आठ दिवस खोटं बोललो. मामा म्हणले, पुसता येतो तर परत काढताबी येत असंल की.

बसलो काढायला. डावा गाल, एवढं ठावं. पण डाग निघायचा कुठून, कानापस्तोर जायचा का अलीकडंच थांबायचा, कायबी आठवंना. वीस वर्षं दर रविवारी बाई समोर, आन म्या तो डाग पुसण्यापुरताच बगितलेला. करुणाला विचारलं तर ती म्हणली हनुवटीपस्तोर, पाळकसाहेब म्हणले छे, गालफडावरच. सगळेच भलेपणानं नजर चुकवत आलेले. मग मामांनी खुर्ची वढली, शेजारी बसले आन आपल्या गालावर बोट फिरवून सांगायला लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातनं निघतो. इथं पातळ हाय. हसली की इथं दुमडायचा. रागावली की गडद व्हायचा, मग म्या गप बसायचो. म्या माऊस फिरवतोय, ते म्हणतात न्हाय, जरा खाली. न्हाय, असा न्हाय. दुपारपून दिवेलागणीपस्तोर. शेवटी माझ्या मनगटावर हात ठिवला, कामावरच्या माणसाला थांबवावं तसा.

म्हणले, थांबा शामुवेल. तुमी तिला कवा बगितलीच न्हाय, तुमच्या हातून ती कशी यावी.

रागानं म्हणले असते तर लई बरं झालं असतं.

मामांच्या घरात बाईंचा फोटो न्हाय. म्या अजून दुकान चालवतो, दुसरं येतंय काय मला. पण तीळ काढा, वण काढा म्हणून कोणी आलं की आधी त्याच्या तोंडाकडं बगत बसतो. परवा एक बाई वैतागून म्हणली, फोटो काढताय का डोळे फाडून बगताय. तिचंबी खरंच हाय.

गेल्या रविवारी चर्चमधी मामा शेजारी बसले, तवा त्यांच्या भुवईत एक जुनी खोक दिसली. वीस वर्षांत पयल्यांदा. कवा पडली, कशानं, विचारावं वाटलं. तेवढ्यात त्यांनीच हात पुढं केला, म्हणले देव तुमचं बरं करो, शामुवेल. म्या हात धरला, आन वर बगायचं सोडून त्यांच्या चपलांकडं बगत ऱ्हायलो.