आतच जोडलेला आवाज

सगुणाबाई : म्हंजे आजबी बोलला नाय माजा सूरज?

निशिगंधा : नाही, आई. प्रोग्राम उघडतो, पण आवाज येत नाही. ह्यांनी आवाजाचा भाग वेगळ्या फाईलमध्ये ठेवला होता. प्लगिन म्हणतात त्याला. तो मुंबईच्या ऑफिसातल्या मशीनवर होता, इथं सापडत नाही.

सगुणाबाई : दहाव्याला आलेल्या त्याच्या दोस्तानं सीडी दिली ना? तिच्यात नाय?

निशिगंधा : तिच्यात ह्यांनी लिहिलेला सगळा कोड आणि आवाजाचं रेकॉर्डिंग आहे, तयार प्लगिन नाही. म्हणून तर प्रोग्राम नव्यानं बांधतेय. आवाज बाहेर ठेवायचाच नाही, आतच जोडून टाकायचा. मग प्रोग्राम जाईल तिथं आवाज जाईल.

सगुणाबाई : उद्या तुजा भाऊस न्यायला येतोय महाडवरनं. तोवर होईल?

निशिगंधा : दादाला थांबवेन मी.

सगुणाबाई : नको गो. आंबेनळी घाटात सूरजची मोटरसायकल दरीत गेली त्याला वरीस होत आलं. तू माहेरी जा, नोकरी धर. मीच सांगितलंय तुज्या बापाला.

निशिगंधा : माहीत आहे मला. … हे बघा, कंपाइल झालं. लिंकही झालं. आता चालवते.

सगुणाबाई : काय ऐकू नाय येत.

निशिगंधा : आवाजाचा भाग आत घे म्हणून सेटिंगमध्ये लिहिलं होतं मी. थांबा. मुख्य प्रोग्राममधून त्या भागाला कुणी बोलावतच नाही. सगळे भाग जोडणाऱ्या लिंकरला वाटलं, हा कुणाला नकोय. गाळून टाकला.

सगुणाबाई : नकोय कसा?

निशिगंधा : मुख्य प्रोग्राममध्ये त्याचं नाव घालावं लागतं. एकच ओळ. घातली. परत बांधते.

(संगणकातून सूरजचा आवाज : ‘फाईल उघडली.’)

निशिगंधा : आई, खाली बसा. माझा हात धरा.

सगुणाबाई : पडसं झालंवतं त्याला. नाकात बोलतोय.

निशिगंधा : हो. बरं वाटल्यावर रेकॉर्ड करा म्हटलं होतं मी. अंधशाळेच्या पोरांना हा बोलणारा प्रोग्राम लवकर द्यायचाय म्हणाले.

सगुणाबाई : ‘आये’ म्हणतो का गो त्यात?

निशिगंधा : नाही. कामापुरतेच शब्द घेतले होते. उघडली, बंद झाली, सापडली नाही.

सगुणाबाई : तुजं नाव?

निशिगंधा : तेही नाही.

सगुणाबाई : मग हायेत तेच लाव परत.