पडल्यावर सॉरी

तुला सांगते, मुलुंडला आमच्या ईराच्या फुटबॉलसाठी क्लब बघायला गेलो ना, तिथे माझी जाम तंतरली. नवरा मात्र खूश. "शिस्त बघ!" म्हणे. खरंच होतं ते. टर्फवर एवढी पोरं, पण आवाज फक्त सरांचा.

आम्ही तिघं जाळीबाहेर उभे होतो. तेवढ्यात एक छोटा मुलगा धाडकन पडला. गुडघ्यातून रक्त यायला लागलं. मला वाटलं, आता हा भोकाड पसरणार. तर तो पटकन उठला, सरांकडे बघितलं आणि म्हणाला, "सॉरी सर."

त्याची आई माझ्या शेजारीच होती. मुठीत बँडेड तयार, पण बाई जागची हलेना.

मी म्हटलं, "अहो, लागलंय त्याला. जा ना आत."

"हळू बोला," ती पुटपुटली. "आम्ही मध्ये पडलो तर सर मॅचला त्याला बाहेर बसवतात."

परत येताना रिक्षात ईरा हळूच म्हणाली, "आई, पडलं की सॉरी म्हणायचं असतं?"

नवऱ्याचं शिस्तीचं भूत तिथेच उतरलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "मुलीला सोमवारपासून पाठवताय ना?"

मी धीर करून सांगितलं, "नाही पाठवणार."

"का?" पलीकडून सरांचा आवाज चढला. आणि यार, माझ्या तोंडून निघालंच, "सॉरी सर."