नानाची दाढी

हसू नका, चहा सांडेल. बहात्तर साली नगरात आमचे ड्रॉइंग मास्तर केडगावच्या सखानानाला समोर बसवून प्रदर्शनासाठी चित्र रंगवत होते. नानाची पांढरी दाढी निम्मी रंगवून झाली होती आणि चित्र दुसऱ्या दिवशी पुण्याला धाडायचं होतं.

मी हळूच म्हणालो, "नाना, पुण्याची माणसं बघणार. असंच बसताय व्हय?"

सकाळी नाना गुळगुळीत होऊन हजर!

मास्तर किंचाळले, "दाढी कुठाय?"

"न्हाव्याकडं हाय की. आनू का?"

मास्तरांचं तोंड लालभडक झालं, कपाळाची शीर उडायला लागली. मी भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्यापुढं धरला. "मास्तर, आता हेच तोंड काढा, लई भारी दिसतंय!"

त्यांनी मला मारायला हात उगारला, आरशात बघितलं आणि तसेच थबकले.

"गाढवा, हलवू नको! नीट धर!"